पुण्याचे दोन समुद्र

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून राम नदी वाहते. नदी हे नाव फलकावर. एरवी पाषाण-बावधनची माणसं तिला नालाच म्हणतात आणि वर्षातले आठ महिने ती त्याच नावाला जागते. भुकूमजवळ खाटपेवाडीला ती उगम पावते आणि औंधला मुळेत जाते. तिथून पुढचा रस्ता शाळेच्या भूगोलात असतो, पण पुण्यात तो कोणी लक्षात ठेवत नाही. मुळा संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत थबकते, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून घेते, रायचूरच्या बाजूला कृष्णेत शिरते आणि कृष्णा थेट आंध्रात, हंसलादीवीपाशी, बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या गच्चीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. पण गच्चीवरच्या पन्हळीतून निघालेलं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवतं आणि अख्खं द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्याच समुद्राला भेटतं.

आलेलं असतं ते मात्र पहिल्याकडून. नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून बाष्प उचलतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो, ताम्हिणी-मुळशीत रिता होतो आणि उरलंसुरलं पुण्याच्या पदरात टाकतो. ताम्हिणीत दरडी कोसळत असतात त्या आठवड्यात आमच्याकडे छत्री न्यावी की नको यावर चर्चा चालू असते.

‘पुण्यात सगळं आहे, समुद्र तेवढा नाही,’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. पुण्याला दोन समुद्र आहेत. एकाकडून आपण घेतो, दुसऱ्याला देतो. घेतो ते पावसाचं पाणी. देतो ते काय असतं, हे उन्हाळ्यात संगम पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं.

या हिशेबात एकच गडबड आहे आणि ती माणसाने केलेली आहे. मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळेचं पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी घाट उतरून भिऱ्याला नेलं जातं, तिथून ते कुंडलिकेत पडतं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. सेनापती बापटांचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. पूर्वेला जायचं पाणी पश्चिमेला वळवण्यासाठी मावळ्यांची भाताची खाचरं बुडाली. ते पाणी आजही तसंच उलटं वाहतंय आणि आपण भिऱ्याला सहलीला गेलो की ‘काय सुंदर नदी आहे’ म्हणून फोटो काढतो.

आणि दुसऱ्या समुद्राला आपण खरंच काही देतो का, हाही प्रश्नच आहे. वाटेत उजनी आहे, पुढे कृष्णेवर जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. नदीचा गाळ या धरणांच्या तळाशी बसतो. कमी पावसाच्या वर्षी कृष्णेचं पाणीसुद्धा समुद्रापर्यंत जेमतेमच पोहोचतं. नदीने आणलेल्या गाळावरच त्रिभुज प्रदेशाची जमीन उभी असते. गाळ थांबला की लाटा ती जमीन कुरतडायला लागतात. सांडपाण्याने समुद्र घाण होतो हे पोरासोरांना ठाऊक असतं. स्वच्छ गाळ न मिळाल्याने किनारा खचतो, याचा कुठे फलक लागलेला मी पाहिलेला नाही.

समुद्राचा अभ्यास करायला पुणं ही जागा तरी कोणाला सुचली असेल? पण ती सुचली, आणि एकदा नव्हे. शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे. रिक्षावाल्याला ‘हवामान खातं’ म्हटलं तर तो दोनदा विचारेल. सिमला ऑफिस म्हटलं की मीटर टाकतो. इंग्रजांनी हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याच्या थंड हवेत ठेवलं होतं, ते १९२८ साली इथे आणलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. सिमल्याच्या दिवसांत, १९०४ ते १९२४, खात्याचा प्रमुख होता गिल्बर्ट वॉकर. माणूस मुळात गणिती. १८९९ च्या भयानक दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या आणि त्याच्यापुढे सरकारने एकच सवाल ठेवला होता: पुढच्या वर्षी पाऊस पडेल का? त्याने जगभरच्या नोंदींची कोष्टकं मांडली. त्यातून त्याला दिसलं की पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि इकडे चढला की तिकडे उतरतो. या हेलकाव्याचा एल निन्योशी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी अधूनमधून तापतं त्याच्याशी, असलेला संबंध याकोब ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञाने उलगडला तो १९६० च्या दशकात. वॉकर पाऊस शोधायला निघाला होता आणि आकडे त्याला समुद्राच्या दारात घेऊन गेले.

खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यात लाटा आणि भरती-ओहोटी सोडून बघतात. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे मुंबई बंदर पाहिलं होतं: सिमेंटचा किनारा, घोट्याएवढं पाणी, एका कडेला लाटा ढकलणारं यंत्र. वर्गातल्या एका कार्ट्याने बुटासकट पाय घातला, तेव्हा बाईंनी त्याला कान धरून बंदराबाहेर काढलं. मुंबईत पुढे प्रत्यक्ष धक्क्यावर उभी राहिले, पण बंदर म्हटलं की मला अजून त्या पत्र्याच्या छपराखालचं खडकवासल्याचं पाणीच आठवतं.

आणि तिसरी जागा आमच्या पाषाणची, भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था. स्थापना १९६२. मी रोज तिच्या फाटकावरून जाते. बाहेरून बघितलं तर झाडं, सुरक्षारक्षक आणि समोर वडापावची गाडी. पाऊस समजायचा तर समुद्र समजायला हवा, या साध्या तर्काने इथली माणसं समुद्राकडे वळली. १९९९ साली हिंदी महासागराच्या दोन टोकांमधल्या तापमानाच्या झुल्यावर, म्हणजे ज्याला आता सगळे ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात त्यावर, जो गाजलेला शोधनिबंध आला, त्याच्या लेखकांपैकी बी. एन. गोस्वामी पुढे या संस्थेचे संचालक झाले. आणि हिंदी महासागर किती तापला, त्याने माशांचं, पावसाचं, वादळांचं काय केलं, यावरचं अलीकडचं बरंचसं काम रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच बसून केलं आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर.

इथे बसून समुद्र कसा दिसतो? मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे आर्गो तरंगक. साधारण माणसाच्या उंचीची नळकांडी, डोक्यावर अँटेना. जहाजातून एकदा सोडून दिली की तिला कोणी हात लावत नाही. ती हजार मीटर खोल जाते आणि तिथल्या प्रवाहाबरोबर अंधारात वाहत राहते. दहाएक दिवसांनी आणखी खाली, दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि मग वर यायला लागते. येताना प्रत्येक थराचं तापमान आणि खारटपणा टिपते. पृष्ठभागावर आली की उपग्रहाला सगळं सांगते आणि पुन्हा बुडी मारते. बॅटरी संपेपर्यंत हेच, काही वर्षं. जगभरच्या समुद्रांत अशी चार हजारांच्या आसपास नळकांडी आत्ता या घडीला वर-खाली करताहेत. भारताच्या वाट्याचं हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था सांभाळते. ती आकडेवारी कोणालाही खुली आहे. पाषाणच्या एखाद्या खोलीत कोणी चहा पीत ती उघडतं, तेव्हा लक्षद्वीपच्या पश्चिमेला पाचशे मीटर खाली पाणी किती गार आहे, ते त्याला कळतं.

आणि काय कळलंय? माणसाने वातावरणात जी जादा उष्णता अडकवली आहे, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. घेतली नसती तर मे महिन्यातलं पुणं आपल्याला ओळखू आलं नसतं. हिंदी महासागराची अडचण भूगोलाची आहे. अटलांटिक आणि पॅसिफिक उत्तरेला ध्रुवाकडे उघडे आहेत. आपल्या महासागरावर मात्र आशिया खंड झाकण घालून बसलेलं आहे. उष्णतेला उत्तरेकडे वाट नाही, आणि पूर्वेकडून इंडोनेशियाच्या बेटांमधून पॅसिफिकचं ऊन पाणी आत येत राहतं. १९५० ते २०२० या काळात हा महासागर शतकाला १.२ अंश सेल्सियस या वेगाने तापला. पाषाणच्या अभ्यासकांचा अंदाज असा की पुढे हा वेग शतकाला १.७ ते ३.८ अंश असेल. किती, ते आपण किती कोळसा-तेल जाळतो त्यावर. सागरी उष्णलाटेचे, म्हणजे समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा फार तापलेलं राहण्याचे, दिवस पूर्वी वर्षाला सरासरी वीसेक असत. ते २२० ते २५० होऊ शकतात. वर्षातले अडीचशे दिवस ताप असेल तर त्याला ताप म्हणायचं की तब्येतच तशी झाली म्हणायचं?

१.२ अंश ऐकून माणूस खांदे उडवतो. मीही उडवले असते. पण पाण्यात एका अंशाने होतं काय, ते समजून घेतलं की खांदे आपोआप खाली येतात. तापलेलं पाणी हलकं होतं आणि वरच राहतं. मिसळीवरची तरी जशी खालच्या मटकीत आपण होऊन उतरत नाही, तसं. समुद्रात ऊन वर आहे आणि खत खाली: मेलेल्या जिवांचं खाली बसलेलं नायट्रेट, फॉस्फेट. वारा पाणी घुसळतो तेव्हा हे खत उजेडात येतं आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे वनस्पती-प्लवक वाढतात. त्यांना खाऊन बारीक जीव, त्यांना खाऊन तारली-बांगडे, त्यांना खाऊन सुरमई. वरचा ऊन थर जाड झाला की वाऱ्याला तो फोडता येत नाही. खत खालीच राहतं. २०१६ साली पाषाणहून निघालेल्या अभ्यासात म्हटलं होतं की पश्चिम हिंदी महासागरात साठ वर्षांत हे प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले. जगातल्या सर्वांत सुपीक समुद्रांपैकी एकाचं हे कुरण आहे. जमिनीवर कुठल्या जिल्ह्यातलं गवत २० टक्क्यांनी कमी झालं असतं तर विधानसभेत गोंधळ झाला असता.

कुरण रिकामं झालं की तण येतं, हेही तिथे घडतंय. हिवाळ्यात अरबी समुद्रावर नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाचा हिरवा तवंग मैलोन्मैल पसरायला लागला आहे. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तरी त्याचं बिघडत नाही. तारलीला, बांगड्याला हा तवंग खायला चालत नाही, जेलीफिशला चालतो. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात त्याही नॉक्टिल्युकामुळेच. ते बघायला पुण्याहून गाड्या भरून लोक जातात. जावं, दिसतं ते सुंदरच. पण ती रोषणाई कसल्या आनंदात आहे, हे एकदा विचारून घ्यावं.

पुण्याला समुद्राची खबर लागते ती वेगळ्या रस्त्याने. तापलेल्या पाण्यातून जास्त बाष्प उठतं आणि वारा ते एकदम, भसकन आणून ओततो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्र येतो, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांचा पाणीपुरवठा अरबी समुद्राचा. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे तेवढंच पाणी, कमी दिवसांत.

२०१९ साली तो डायपोल नोंदींमधल्या सर्वांत तीव्र डायपोलांपैकी एक होता; अरबी समुद्राची बाजू तापलेली. त्या वर्षी एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगरच्या घरांत शिरला, भिंती पाडून माणसं आणि गाड्या घेऊन गेला. त्या एका रात्रीचा दोष मी समुद्रावर टाकणार नाही. कात्रजहून येणारा ओढा जिथे तीस पावलं रुंद होता तिथे त्याला आठ पावलं ठेवणारे हात समुद्राचे नव्हते. हल्ली ‘हवामानबदल’ म्हटलं की बांधकामवाला आणि परवानगीवाला दोघेही सुटकेचा श्वास टाकतात, हे बघून मला संताप येतो. समुद्र पाऊस जोराने टाकायला लागलाय, हे तर ओढे रुंद ठेवायचं आणखी एक कारण झालं.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. टाळेबंदी होती, सगळे घरात. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि दुपारनंतर पुण्यातही झाडं पडायला लागली. आमच्या समोरचा गुलमोहर तारांवर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी कोकणातून फोन यायला लागले: सुपारीची बाग गेली, पन्नास वर्षांची माडाची झाडं गेली, कौलं तर सगळ्यांचीच गेली. अरबी समुद्र पूर्वी वादळांच्या बाबतीत सोशिक मानला जायचा. वादळं म्हणजे बंगालचा उपसागर. पाषाणच्या अभ्यासकांनी २००१ ते २०१९ चे आकडे मांडले तेव्हा अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि उपसागरातली किंचित घटलेली. आपले दोन्ही समुद्र स्वभाव बदलताहेत.

आता संवर्धनाचं. हा शब्द उच्चारला की पुण्यात पहिली आठवण होते किनारा-स्वच्छतेची. शनिवारी एका रंगाचे टी-शर्ट घालून बस अलिबागला जाते, तासभर पिशव्या भरल्या जातात, फोटो, मग मासळीची थाळी. वाईट काही नाही त्यात. पण तीच बस निघताना ज्या पुलावरून जाते त्याच्याखाली मुठेत काय तरंगतंय तेही समुद्राकडेच निघालेलं असतं, फक्त लांबच्या.

त्यापेक्षा वेळासचं उदाहरण मला जवळचं वाटतं. मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी कोल्ही-कुत्री खायची आणि माणसंही उकरून न्यायची. आता गावातली पोरं रात्री किनारा चालतात, मादीच्या वल्ह्यासारख्या परांच्या खुणा शोधतात, अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन तेवढ्याच खोलीवर पुरतात, शेजारी तारखेची पाटी रोवतात. मार्चच्या आसपास पहाटे घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली वाळूने माखलेली, काळपट, तळहातात मावणारी पिल्लं असतात. दोरीच्या अलीकडे आपण सगळे पुणे-मुंबईकर, पलीकडे ती. एखादं वाट चुकून किनाऱ्यालाच समांतर चालायला लागतं आणि दोनशे माणसं एका आवाजात ‘अरे तिकडे, तिकडे!’ ओरडतात. त्याला काय कळणार? लाट येते आणि घेऊन जाते.

यात तापमान कुठे आलं? कासवाचं लिंग बापाकडून ठरत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जरा गार असेल तर नर, उष्ण असेल तर माद्या, आणि फारच तापली तर अंड्यातलं पिल्लू मरतं. म्हणून आता कुंपणावर सावलीचं कापड किती, पाणी शिंपडायचं का, हे प्रश्न आले आहेत. चोरापासून अंडं राखणं गावाला जमलं. उन्हापासून राखायचं तर उन्हाचं मूळ गावात नाही.

मात्र याच कासवांनी एक गोष्ट अशी केली की मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला एका मादीच्या परावर क्रमांकाची पट्टी लावली होती: ०३२३३. ती २०२५ च्या जानेवारीत अंडी घालायला आली ती आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर. उपसागर सोडून, श्रीलंकेच्या बाजूने द्वीपकल्पाला वळसा घालून, निदान साडेतीन हजार किलोमीटर. अभ्यासक तोवर पूर्व किनाऱ्याची कासवं आणि पश्चिमेची कासवं वेगळी धरून चालत होते. आमच्या गच्चीवरचं पाणी सह्याद्रीपासून उपसागरापर्यंत जातं, ही बाई उपसागरापासून सह्याद्रीच्या पायथ्याशी आली. तिच्यासाठी संरक्षित किनारा कोणता आखायचा? महाराष्ट्राच्या वन खात्याने की ओडिशाच्या?

समुद्रात रेघ ओढून राखीव क्षेत्र करता येतं, मालवणला १९८७ साली केलंही: २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र धरून. स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, कारण त्यांना विचारलंच नव्हतं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. वीसेक मीटर खाली प्रवाळ. तिथे कोणी राहत नाही, विरोध करायला कोणी नाही. पण ऊन पाणी रेघ बघून थांबत नाही. प्रवाळाच्या पेशींत शैवाल राहतं, तेच त्याला जेवायला घालतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने काही आठवडे तापलेलं राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. मे २०२० च्या सागरी उष्णलाटेनंतर मन्नारच्या आखातातले ८५ टक्के प्रवाळ असे पांढरे पडले होते. ते क्षेत्र राखीवच होतं.

मग राखीव क्षेत्राचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मी लक्षद्वीपकडे बघायला सांगते. १९९८, २०१०, २०१६ अशा तीन मोठ्या उष्णलाटा तिथल्या प्रवाळांनी झेलल्या आणि अगत्ती, कदमत, कवरत्तीच्या प्रवाळाचं आवरण चोवीस वर्षांत ३७ टक्क्यांवरून २० च्या खाली आलं. हे वाईटच आहे. पण दर लाटेनंतर काही जागा पुन्हा उभ्या राहिल्या, आणि सावरायला त्यांना हात दिला तो माशांनी. तिथले लोक परंपरेने काठी-गळाने खोल समुद्रातला ट्यूना धरतात, प्रवाळातले शाकाहारी मासे फारसे धरत नाहीत. ते मासे प्रवाळावर चढणारं शेवाळ खातात, नव्या प्रवाळाला बसायला जागा मोकळी राहते. जाळं कुठे टाकायचं नाही हे ठरवल्याने समुद्र थंड होत नाही, पण दोन तापांच्या मधे त्याला उठून बसायला वेळ मिळतो. आता दोन तापांमधलं अंतरच कमी होत चाललंय, ही खरी धास्ती. त्यावर उपाय लक्षद्वीपच्या हातात नाही, तो कोळसा जाळणाऱ्यांच्या हातात आहे, आणि त्यात आमची सोसायटी येते.

हर्णैला आईच्या माहेरच्या शेजारी एक नाखवा काका आहेत. मी त्यांना प्लवकांचं वगैरे सांगायला गेले की ते ऐकून घेतात. मग म्हणतात, “तू म्हंतेस दर्या तापलाय. आमी म्हंतो बांगडा खोल गेला. येकच ते.” कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे अभ्यासकही तेच म्हणतात: बांगडा खोल पाण्यात सरकतोय, आणि केरळ-कर्नाटकाची तारली उत्तरेला महाराष्ट्र-गुजरातेपर्यंत आली. काकांच्या लहानपणी तारलीला हर्णैच्या लिलावात कोणी विचारत नसे. काकांचा राग मात्र समुद्रावर नाही. तो पर्ससीनवाल्यांवर, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्यांवर, आणि रात्री एलईडीचे झोत टाकून मासा गोळा करणाऱ्यांवर आहे. एलईडीवर २०१७ पासून बंदी आहे आणि रात्री किनाऱ्यावरून तो उजेड दिसतोही. “तापला तर तापला,” ते म्हणतात, “पण तापलेल्या दर्याला वरबाडतंय कोन?” २०२५ ला पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात येऊन थडकला, तेव्हा कोकणात होड्या आधीच ओढून ठेवाव्या लागल्या होत्या. हंगामाचे शेवटचे पैसे मेमधेच असतात, ते बुडाले. १ जून ते ३१ जुलै बंदी पाळायची, आणि वादळं तिच्या आधीचे-नंतरचे दिवस खाणार.

पुण्यात यातलं काही पोहोचत नाही. जुलैतही आपल्या खानावळींत सुरमई थाळीचा फलक तसाच असतो. आमच्या मासळीवाल्या मावशीला विचारलं, बंदीत हे कुठून, तर म्हणाली, “आंध्रातनं, बर्फातनं. तुमाला खायाला पायजेच ना?” म्हणजे पावसाळ्यात दुसऱ्या समुद्राकडूनही आपण घेतोच.

मासे खाणं सोडा, असं सांगणाऱ्या पंथातली मी नाही, सोडणारही नाही. घरात एवढंच ठरवलंय की बारकं पापलेट घ्यायचं नाही. २०२३ साली चंदेरी पापलेट राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान धरायचा नाही, कारण त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. कायदा होडीवाल्यासाठी आहे, पण पाटीतला मासा बोटांनी मोजायला काय लागतं? परवा मावशीच्या पाटीत तळहाताएवढी, बोटभर कमीच, अशी पापलेटं रचलेली होती. तळायला बरी म्हणून गिऱ्हाइकांच्या उड्या. मी म्हटलं, “मावशी, ही पोरं आहेत हो अजून. मोठी आणाल तर घेईन.” तिने कोयता पाण्यात बुडवून पुसला.

“आनते की. उद्याच आनते,” ती म्हणाली. “पन भाव आइकून पळायचं न्हाई.”